एका पायावरची उडी

आवाज आला तेव्हा मला वाटलं, कुणाची तरी चप्पल तुटली. असा बारीक, कोरडा आवाज. मी खाली माझ्याच पायांकडे बघितलं. वर मान केली तर चैताली मातीत पडलेली, गुडघा दोन्ही हातांनी आवळून धरलेला, तोंड उघडं, आणि तोंडातून काहीच बाहेर येत नव्हतं. मग ती किंचाळली. मैदानाबाहेर उभी असलेली माणसं आत धावली आणि माझे पाय मात्र जागचे हलेनात.

तिला कुणी हात लावला नव्हता. हे मी शपथेवर सांगते, कारण नंतर लोकांनी हजार गोष्टी रचल्या, ढकललं म्हणे, पाय आडवा घातला म्हणे. काही नाही. पोरगी चढाई करून परत फिरत होती, समोरच्या संघातल्या पोरी चांगल्या लांब होत्या, एका पायावर गर्रकन वळली आणि खाली बसली. सावळीराम सर धावत आले. "ऊठ, काय नाय झालं, पाय झटक," म्हणाले, आणि पाय धरून स्वतःच झटकला. तेव्हा कुठे माझा आवाज फुटला. "अहो सर, माणसाचा पाय आहे तो, चादर नाही!" त्यांनी पाय सोडला. रिक्षा मीच आणली.

मी दीपमाला. महापालिकेत घरपट्टीच्या काउंटरवर बसते. दिवसभर लोकांचं ऐकून घेते, फारच झालं की दोन ऐकवते. घरात नवरा अश्विन, अंबडच्या कंपनीत शिफ्टला जातो, आणि मुलगी संजना, अकरावीत. इंदिरानगरात आमच्या कॉलनीमागे मोकळं मैदान आहे, तिथं सावळीराम सर पोरींना कबड्डी शिकवतात. फुकट. कंपनीतली पहिली शिफ्ट संपवून माणूस घरी न जाता थेट मैदानावर येतो. म्हणून तर त्यांच्याशी भांडायची पंचाईत. आणि संजू त्यांची लाडकी, संघाची पहिली चढाई तिची. कुमारी गटात जिल्ह्याकडून खेळायचं, मग राज्य, मग खेळाडू कोट्यातून पोलीस भरती, असं सगळं तिच्या डोक्यात पक्कं. अश्विनच्या डोक्यात तर तिच्या खांद्यावर स्टारसुद्धा लागलेत.

चैतालीचं ऑपरेशन झालं. चांदवडची पोरगी, कांदेवाल्यांच्या घरची, शिकायला मावशीकडे राहायची. मावशीबरोबर मी दवाखान्यात जायचे. तिथल्या फिजिओथेरपीच्या मॅडमना मी सरळ विचारलं, "कुणी हात न लावता गुडघा तुटतो कसा?"

"मुलींचे असे फार जातात," मॅडम म्हणाल्या. "वळताना, उडीवरून उतरताना. गुडघा आत झुकतो आणि आतली दोरी तुटते. खेळाआधी पंधरा-वीस मिनिटं ठराविक व्यायाम केले, आठवड्यातून दोन-तीनदा, न चुकता, तर यातले पुष्कळ गुडघे वाचतात."

"सगळे?"

"सगळे नाही. पुष्कळ."

मला ते आवडलं. थापा मारणारी बाई नव्हती. तिथंच कॉरिडॉरमध्ये त्यांनी सगळं करून दाखवलं आणि मी साडीचा पदर खोचून त्यांच्यामागे करत गेले. हळू पळायचं, आडवं पळायचं, बैठका, जोडीदारणीने घोटे धरायचे आणि आपण गुडघ्यांवर बसून हळूहळू पुढे झुकायचं. शेवटी एका पायावरची उडी. उडी मारायची, एकाच पायावर उतरायचं, गुडघा वाकवून तसंच स्थिर राहायचं, गुडघा आत पडू द्यायचा नाही. मी दोनदा भिंतीला धरलं. औषधाच्या रांगेतले लोक हसत होते. हसू दे.

त्या दिवसापासून मला फोनची भीती बसली. संजूच्या सरावाच्या वेळेला मी बहुतेकदा ऑफिसातच असते. फोन वाजला की आधी नाव बघायचे. एकदा स्क्रीनवर सावळीराम सरांचं नाव आलं आणि मी फोन उचललाच नाही. नुसती बघत बसले. मग धीर करून लावला तर सर म्हणे, "ताई, जर्सीचं माप सांगायचं होतं." मी त्यांच्यावर अशी ओरडले, की काउंटरसमोरचा माणूस मुकाट्याने पावती घेऊन निघून गेला.

मग मी मैदानावर जाऊन सरांना गाठलं.

"सर, खेळाआधी व्यायाम घ्या पोरींचा."

"घेतो की. मैदानाला दोन फेऱ्या, मातीला नमस्कार, आन् सुरू."

"तो व्यायाम नाही, ती हजेरी आहे."

सर हसले. चिडले नाहीत, हेच तर वाईट. "ताई, मी वीस वर्षं खेळलो. गुडघे हायेत ना जाग्यावर? आन् थंडीचे दिवस, सहाला अंधार पडतो. वीस मिनिटं तुमच्या उड्यांत गेली तर चढाया कधी घेऊ, पकडी कधी घेऊ? पोरी इथं नाचायला नाय येत."

"चैतालीचा गुडघा..."

"तिचं नशीब वाईट. पोरगी सोन्यासारखी होती." हे म्हणताना त्यांचा चेहरा उतरला. त्यांना वाईट वाटत नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही.

महिनाभरात आणखी एक पोरगी गेली. बारावीतली, उंच, बचावात खेळायची. तिचंही तसंच, उडीवरून उतरताना. आता मैदानावर भीती पसरली. पण भीती पसरून झालं काय, तर सरांनी नारळ फोडला आणि कुणीतरी पाण्याच्या नळाला लिंबू-मिरची बांधली. आमच्या घरात लिंबाचं काम सरबतापुरतं, बाबासाहेबांच्या फोटोखाली वाढलेली मी. पण खोटं कशाला सांगू, त्या संध्याकाळी त्या मिरच्यांकडे बघून मलाही वाटून गेलं, असेल बाई काहीतरी. भीती माणसाला कुठंही नेऊन बसवते.

सगळ्यात जास्त विरोध कुणाचा, तर संजूचा. "आई, प्लीज, तू ग्राउंडवर येऊन तमाशा करू नकोस. सगळ्या हसतात मला." मी व्यायामाचं नाव काढलं की ताटावरून उठायची. मला वाटायचं, वय आहे, लाज वाटते आईची. मीही माझ्या आईला शाळेच्या फाटकाबाहेरच थांबवायचे.

पण मी ऐकते कसली! चार आया गोळा केल्या. एक आमच्याच लाइनीतली, दोघी पलीकडच्या सोसायटीतल्या, आणि चौथ्या कलाबाई, मळ्यातला झेंडू-शेवंती मार्केटला आणून विकणाऱ्या. म्हटलं, सर पोरींचा व्यायाम घेत नाहीत ना, मग आपणच करू, त्यांच्या डोळ्यांसमोर. ऑफिसात अर्ध्या रजा टाकल्या आणि मैदानाच्या कडेला आम्ही पाच बायका साड्या खोचून सुरू झालो. भिंतीवर पोरं येऊन बसली, शिट्ट्या काय, टाळ्या काय. एका पायावरच्या उडीला कलाबाई धाडकन पडल्या आणि पडल्या पडल्या इतक्या हसल्या की त्यांना उठवायला दोघी लागल्या. सर तिकडे तोंड फिरवून चढाया घेत होते. पोरींचं अर्धं लक्ष आमच्याकडे. तिसऱ्या संध्याकाळी सर आमच्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"बास करा, ताई. लोक विचारायला लागले, सर, तुमचा संघ नेमका कोणता? उद्यापासून घेतो व्यायाम. पण मला त्यातलं येत नाय. तुम्हीच शिकवायचं."

मी जिंकले! घरी येताना मी गाडीवर गाणं म्हणत होते, खरंच सांगते. रविवारी जिल्ह्याची निवड चाचणी होती, संघासंघांचे सामने लावून त्यातून पोरी निवडायच्या, आणि दोन दिवस आधी का होईना, सुरुवात होत होती.

घरी आले, चहा टाकला आणि फोन वाजला. चांदवडहून चैताली, ऑपरेशननंतर ती गावीच होती.

"काकू, जिंकल्या म्हणं तुम्ही! मावशीनं सांगितलं. लय भारी झालं." मग आवाज बारीक केला. "काकू, एक विचारू? संजूचा नीकॅप कुठल्या गुडघ्याला हाय?"

"डाव्या," मी म्हणाले. मला चांगलंच ठाऊक होतं. महिन्याभरापासून तिच्या डाव्या गुडघ्याला तो काळा नीकॅप होता, आणि विचारलं तर म्हणायची, थोडं लागलंय.

"मग उजवा बघा," चैताली म्हणाली.

मला कळेना. तिनं सांगितलं ते असं. दुखरा गुडघा कधी झाकायचा नाही, हे सरांनीच पोरींना शिकवलेलं. पट्टी दिसली की समोरच्या संघातल्या पोरी नेमका तोच पाय धरतात. म्हणून नीकॅप घालायचा तो चांगल्या गुडघ्याला. समोरच्या त्या पायावर तुटून पडतात आणि दुखरा वाचतो. सगळ्या संघाला माहीत, आणि पोरींना या युक्तीचा मोठा अभिमान.

"माझाबी तसाच होता, काकू. त्या दिवसाच्या आधी चार-पाच वेळा सटकला होता. कुणाला बोलले नाय, सरांनाबी नाय. बोललं की बाहेर बसवत्यात ना. ते पळणं, बैठका, त्यात काय कळत नाय कुणाला. पण ती एका पायावरची उडी हाय ना, त्यात नाय लपत. म्हणून तर पोरींना नको व्हतं ते तुमचं."

गॅसवर चहा उतू गेला, तरी मी तशीच उभी.

संजू आतल्या खोलीत पुस्तक उघडं टाकून मोबाइल बघत होती. मी म्हणाले, "उजवा पाय दाखव."

तिनं पाय आखडून घेतला. "चैतालीनं सांगितलं ना? आता बघतेच तिला."

"किती वेळा सटकला?"

"दोनदा. तीनदा. लगेच परत बसतो, आई. दुखत नाही. संध्याकाळी थोडा सुजतो फक्त."

"उद्या डॉक्टर."

"रविवारनंतर!" ती उठून माझ्यासमोर आली. "आई, रविवारी चाचणी आहे. एकदा नाव लागलं की तू म्हणशील ते करेन. ऑपरेशन म्हणालीस तर ऑपरेशन. पण उद्याचं ते तू थांबव. सरांना सांग, चाचणी झाल्यावर सुरू करू. आई, मी पाया पडते तुझ्या."

अश्विन दारात उभा होता, सगळं ऐकलं होतं त्यानं. "दोनच दिवसांचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पाणी प्यायला निघून गेला.

पण मी तरी काय केलं? माझ्यासारखी तोंडाची बाई, जिला बघून लोक काउंटर बदलतात, ती पोरीच्या भरलेल्या डोळ्यांपुढे गप्प झाली. "बघते," म्हणाले. मनात म्हटलं, बाकी सगळं घेऊ, ती उडी तेवढी नको. रविवार होऊ दे, सोमवारी सकाळी तिला फरफटत नेईन. झोप लागली नाही. डोळे मिटले की संजू वळताना दिसायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावर सरांनी पोरींना दोन रांगांत उभं केलेलं. आया कडेला, कलाबाई कामावरून तशाच आलेल्या. सर म्हणाले, "आज ताई सांगतील तसं करायचं. कुणी हसलं तर दहा फेऱ्या." कुणी हसलं नाही. संजू दुसऱ्या रांगेत, नजर माझ्यावर. मी पळायला लावलं. आडवं पळायला लावलं. बैठका झाल्या. जोड्या करून घोटे धरून झुकणं झालं. पोरी खरंच मन लावून करत होत्या आणि माझं लक्ष संजूच्या उजव्या गुडघ्यावर.

"झालं," मी म्हणाले. "बास आजच्यापुरतं."

संजूनं श्वास सोडलेला मला एवढ्या लांबून दिसला.

"ताई, ती एका पायावरची उडी राहिली की," सर म्हणाले. "कलाबाई पडल्या ती. तुम्हीच म्हणत व्हता, तीच सगळ्यात महत्त्वाची."

मी म्हणाले, अंधार पडतोय. सर म्हणाले, पडू द्या, आता सुरू केलंय तर पुरं करू. आणि माझी वाट न बघता त्यांनी शिट्टी मारली. "डाव्या पायावर!"

डाव्या पायावर सगळ्या उतरल्या. संजू तर अशी स्थिर उभी राहिली की सर "वा" म्हणाले.

"उजव्या पायावर!"

शिट्टी वाजायला क्षणभर वेळ होता. मी संजूकडे बघितलं. तिनं ओठ आवळले होते, मुठी आवळल्या होत्या. मी माझ्या पोरीला ओळखते. ती बाहेर बसणार नव्हती. ती मारणार होती उडी, सगळ्यांपेक्षा उंच, आणि उतरणार होती त्याच गुडघ्यावर. मला एकदम काही सुचेना, दिसेना, नुसती भीती.

"संजू, नको!" मी ओरडले. "सर, थांबवा! तिचा उजवा गुडघा सटकतो. महिन्याभरापासून!"

सर हसल्यासारखं करत म्हणाले, "ताई, नीकॅप तर डाव्याला..." आणि तिथंच थांबले. त्यांचा चेहरा मला बघवेना. समोरच्या संघाला फसवायला शिकवलेली युक्ती आपल्यावरच चालवली जाईल, हे त्या भल्या माणसाच्या कधी मनातच आलं नव्हतं.

संजू मान खाली घालून उभी. मग सरांनी शिट्टी खिशात टाकली.

"पोरींनो," ते हळू आवाजात म्हणाले, "कुणाला उडी मारायची भीती वाटत आसंल तर मारू नका. बाजूला बसा. मी ओरडणार नाय, काय विचारणार नाय."

आधी कुणीच हललं नाही. मग पहिल्या रांगेतली एक पोरगी जाऊन भिंतीपाशी बसली. मग आणखी एक. मग कलाबाईंची पोरगी गेली, आणि कलाबाई "अगं बाई" एवढंच म्हणाल्या. सर प्रत्येकीकडे बघत होते आणि एकेक जात होती. शेवटी संजूही जाऊन बसली. मैदानात ज्या उभ्या राहिल्या त्यांच्यात सात जणींचा संघसुद्धा होईना. सर तिथंच मातीत बसले, गुडघ्यांवर हात ठेवून. मग उठून मोबाइल काढला आणि चाचणीला आमचा संघ येणार नाही, हे कुणाला तरी कळवलं.

आया आपापल्या पोरींना घेऊन निघाल्या. एक जण जाता जाता म्हणाली, "मिळालं समाधान?" मी गाडीला किल्ली लावली.

संजू गाडीवर मागे बसली. एरवी खांद्यावर हात ठेवते, आज मागचा दांडा धरला. कॉलनीचं वळण आलं. मला वाटलं, गेली पोरगी माझ्या हातातून. गुडघा वाचेल की नाही ते डॉक्टर सांगतील, पण ही आता माझ्याशी आयुष्यभर बोलणार नाही.

"बोल काहीतरी," मी म्हणाले. "शिव्या दे हवं तर."

"काल का नाही ओरडलीस?"

"काय?"

"काल. घरी." तिचा आवाज चढला. "तू सगळ्यांवर ओरडतेस. सरांवर ओरडतेस, पप्पांवर ओरडतेस, ऑफिसात ओरडतेस. आणि काल मी म्हणाले थांबव, तर बघते म्हणालीस!"

"अगं, तूच तर पाया पडत होतीस..."

"मी पडणारच ना! मी तुझं कधी ऐकते का? मग तू माझं कशाला ऐकलंस? मला रोज भीती वाटत होती, आई. प्रत्येक वेळी वळताना. काल मला वाटलं, आता आईला कळलं, आता ती मला जाऊच देणार नाही, आणि तू..."

पुढचं तिला बोलता येईना. मी गाडी बाजूला घेतली.